वळणावरून दिसला पाहिजे

शर्वाणीला जुलैत सोळा पूर्ण झाली आणि ऑगस्ट संपायच्या आत तिच्या हातात ट्रॅक्टरचं कच्चं लायसन्स आलं. मोटार चालवायला या देशात सतरा लागतात, ट्रॅक्टरला सोळा पुरतात. तिने ते लायसन्स वर्गात सगळ्यांना दाखवलं, पुण्याला मामाला फोन करून सांगितलं, आणि मग चुंबकाने फ्रिजच्या दारावर लावलं. आईला तेवढं तोंडाने सांगितलं नाही. आईने ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. पाहिलं, दूध काढलं, दार लावलं.

कारण साधं होतं. ज्या ट्रॅक्टरसाठी ते लायसन्स होतं, त्याच ट्रॅक्टरवर बसून गेल्या दसऱ्याच्या संध्याकाळी बाबा घरातून निघाला होता आणि परत आला नव्हता.

बाबा म्हणजे प्रसन्न. मूळचा नागपूरचा, डब्लिनबाहेर मेनूथजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. घर त्याने मुद्दाम गावाबाहेर घेतलं, दोन्ही बाजूंनी उंच कुंपणझाडी असलेल्या अरुंद रस्त्यावर. त्याच रस्त्यावर पुढे क्रिस्टी नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचं एक शेत होतं. त्यातला तुकडा मागून घेऊन बाबाने तिथे मेथी, लसूण, बटाटे असलं काय काय लावलं होतं. आणि त्या तुकड्यासाठी एक जुना जपानी ट्रॅक्टर आणला होता. केशरी रंगाचा, इतका छोटा की क्रिस्टीची घोडी शेजारी उभी राहिली तर घोडीच मोठी दिसायची. त्याच्या सगळ्या दांड्यांवर जपानीत लिहिलेलं. बाबाने एकेक दांडा ओढून बघत वर मराठीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. ‘वर.’ ‘खाली.’ ‘हळू.’ एकावर ‘काय माहीत.’ आणि एकावर, लाल शाईने, ‘हात लावू नकोस शर्वाणी.’

असले ट्रॅक्टर तिकडे भातखाचरात चालण्यासाठी बनवलेले असतात. रस्त्यासाठी त्यांच्या पाठीला काहीही नसतं. बाबाने उजव्या मडगार्डवर एक लाल दिवा बसवला होता, एकच. बाकीचे ‘पुढच्या महिन्यात’ बसवायचे होते. पुढचा महिना म्हणजे बाबाच्या बोलण्यातली एक जागाच होती. सगळं तिथे ठेवलेलं असायचं.

गेल्या वर्षी त्याने शेतात प्लॅस्टिकचा बोगदा उभारून आत झेंडू लावला होता. आईसाठी. सुपरमार्केटमधली शेवंती आणून दसरा करायचा तिला कंटाळा आला होता. झेंडू असा काही फुलला, की आई फुलांच्या पिशवीत हात घालून नुसती हसतच बसली होती. मग तिने मनगटाएवढा जाड हार ओवला. खरं तर ट्रॅक्टरला हार घालायचा तो पुढून, पण पुढे बॉनेटच्या कडेलाच धुराचं उभं नळकांडं. ‘करपेल गं तो, मागे बांध,’ असं बाबाच म्हणाला. म्हणून आईने तो मागे बांधला, एका मडगार्डच्या दांडीपासून दुसऱ्या मडगार्डच्या दांडीपर्यंत, दाराला तोरण बांधतात तसा. कुंकू लावलं, नारळ फोडला. बाबा म्हणाला, ‘एक चक्कर मारून येतो, बोगद्याचं दार उघडं राहिलंय.’ कुंपणझाडीत अंधार उतरत होता.

मागून व्हॅन आली.

त्या व्हॅनवाल्याने पुढे चौकशीच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. ‘मला दिवा दिसलाच नाही. मला फुलं दिसली. फुलं दिसली तेव्हा मी त्यांच्यावर पोचलो होतो.’ आणि चौकशी करणाऱ्या साहेबांनी निकालात म्हटलं, की मागचा दिवा फुलांच्या सजावटीने झाकला गेला असण्याची शक्यता आहे.

शक्यता. त्या शब्दात मग सगळे जण जाऊन राहिले. बाबाचे मित्र उपेंद्रकाका म्हणाले, ‘वहिनी, तो असंच म्हणणार ना, त्याला स्वतःची मान सोडवायचीय.’ पुण्याहून मामा म्हणाला, हाराचं निमित्त करतायत लेकाचे. शर्वाणीही तेच म्हणाली. क्रिस्टीने तर अंड्यांचा ट्रे टेबलावर ठेवून सांगितलं की युवर मॅन, म्हणजे तो व्हॅनवाला, बंदुकीच्या गोळीसारखा चालवतो, सगळ्या गावाला माहीत आहे. आई प्रत्येकाचं ऐकून घ्यायची. ‘हो,’ म्हणायची. पण बाबाच्या फोटोला तिने वर्षभरात एकदाही हार घातला नाही. येणारे-जाणारे बघायचे, चपापायचे आणि गप्प बसायचे. नुसता फोटो, चौकटीत हसणारा, एखाद्या हयात माणसाचा असावा तसा.

आता शर्वाणीविषयी. वर्षापूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात हात वर करायलाही घाबरायची. पण बाबा गेल्यावर आई फोन उचलेना. मग गार्डांशी, म्हणजे इथल्या पोलिसांशी, कोण बोलणार, शाळेत कोण सांगणार, वीज कंपनीला कोण झापणार? ती बोलायला लागली. आणि एकदा तोंड उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की लोक आपलं ऐकतात! तेव्हापासून तिचं तोंड मिटलंच नाही. या वर्षी ती माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षात होती. त्या वर्षाला परीक्षा नसते, प्रोजेक्ट असतो. कुणी केक करतं, कुणी नाटक बसवतं. शर्वाणीने बाईंना सांगितलं, ‘मी छोटा ट्रॅक्टर रस्त्यावर दिसेल असा करणार आहे. लांबून दिसेल असा. आणि चालवणार आहे.’

बाईंना तिची गोष्ट माहीत होती. त्या म्हणाल्या, ‘आईला विचारलंयस?’

तेच तर राहिलं होतं.

रविवारी वरणभात कालवताना तिने विषय काढला. ‘आई, क्रिस्टी म्हणतो लसूण ऑक्टोबरमध्ये लावायला हवा. बाबा लावायचा तसा. त्याची शेड इकडे आणि शेत तिकडे. ट्रॅक्टर रस्त्यानेच न्यावा लागेल. एकदाच. मग तिकडेच राहील तो.’

आईने तिच्या पानात तूप वाढलं.

‘मी सगळं बसवणार. मागे दोन दिवे, इंडिकेटर, वर फिरणारा केशरी दिवा, डोक्यावर लोखंडी कमान, सीटबेल्ट. आणि तो हळू चालणाऱ्या गाड्यांना लावतात तो लाल त्रिकोण. तो प्रकाश पडला की असला चमकतो ना, शप्पथ—’

‘शर्वाणी, जेव.’

‘म्हणजे नाही?’

आईने पानातलं लोणचं भाताच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं. मग म्हणाली, ‘मी वळणावर उभी राहीन. संध्याकाळी. तिथून मला दिसला पाहिजे. मला दिसला तर ने.’

शर्वाणीने ताटावरून उठून आईच्या गालाची पापी घेतली, वरणभाताच्या तोंडानेच. आईने गाल पुसला नाही.

क्रिस्टीच्या शेडमध्ये ट्रॅक्टर ताडपत्रीखाली होता. त्याने तो भिंतीकडे पाठ करून ठेवला होता. वाकलेला मडगार्ड ठोकून सरळ केला होता, फुटलेली काच बदलून बाबाचा जुना दिवा पुन्हा जागेवर बसवला होता. का बसवला, ते तिने विचारलं नाही. तो काढायला मात्र दोघांपैकी कुणाचाही हात धजेना. म्हणून तो राहिला आणि नवे दिवे त्याच्या वर लागले.

शनिवार-रविवार ती तिथेच. कमान क्रिस्टीच्या भाच्याने वेल्डिंग करून दिली. वायरी शर्वाणीने ओढल्या. पहिल्यांदा इंडिकेटर लावला तेव्हा डावीकडचा दाबला की उजवीकडचा लागायचा आणि हॉर्न वाजायचा. क्रिस्टी इतका हसला की त्याला बादलीवर बसावं लागलं. त्याने तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा, शेतात गर्रकन वळायला. रस्त्यावर दोन्ही एकमेकांना अडकवून घ्यायचे. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर लोळण घेतो.

‘ब्रेक जोडलेस?’

‘जोडले.’

‘नीट?’

‘ग्रँड आहे रे बाबा, जोडले.’ ‘ग्रँड’ म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’; ‘रे बाबा’ मात्र तिने मराठीतच म्हटलं. क्रिस्टीला त्याचा अर्थ कळायची गरज पडली नाही.

आणि मग चाचण्या सुरू झाल्या. मुख्य रस्त्यावर नाही. क्रिस्टीच्या घराकडे जाणारी एक लांब बोळवाट होती, त्याच्या खासगी मालकीची, तशीच दोन्हीकडे झाडी, तसंच एक वळण. ट्रॅक्टर वाटेत उभा करायचा, पाठ वळणाकडे. संध्याकाळ होत आली की आई गाडी घेऊन यायची, वळणावर उतरायची. अंगात शर्वाणीने घ्यायला लावलेलं पिवळंधम्मक चमकणारं जाकीट, आतून साडीवरचा स्वेटर. शर्वाणी दिवे लावायची आणि ओरडायची, ‘दिसतोय का?’

पहिल्या वेळी आई म्हणाली, ‘अर्धाच दिसतो.’ खरंच होतं. मागे सामान ठेवायची लोखंडी पेटी लावली होती आणि तिने एक दिवा झाकला होता. शर्वाणीने पेटीच्याच पाठीवर दिव्यांची फळी बसवली.

दुसऱ्या वेळी म्हणाली, ‘दिसतो, पण काय आहे ते कळत नाही. घराचा दिवा वाटतो.’ मग त्रिकोण आला, लाल-पांढऱ्या चमकत्या पट्ट्या आल्या, रुंदी कळावी म्हणून दोन्ही मडगार्डांच्या कडांना.

तिसऱ्या वेळी म्हणाली, ‘हलतोय की उभा आहे, कळत नाही.’ मग कमानीवर फिरता केशरी दिवा आला.

त्या आठवड्यात उपेंद्रकाका आले होते. ते ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, बाबाचे कॉलेजपासूनचे मित्र, दर महिन्याला न चुकता यायचे. शर्वाणीने सगळं एकदम पेटवून दाखवलं. काकांनी डोळ्यांवर हात धरला.

‘अगं, हा ट्रॅक्टर आहे की गणेशोत्सवाचा मंडप? आरती कितीला आहे?’

‘काका, चेष्टा नाही हं. आईने अजून पास केलेलं नाही.’

‘वहिनी, काय हो? डब्लिनहून दिसला मला येताना!’

आई हसली. शर्वाणीने ते पाहिलं आणि मनात नोंदवलं. आई हसतेय. आई रोज बाहेर पडतेय. आणि उन्हाळ्यात आईने घरामागे झेंडू लावला होता! मामाने पाठवलेलं बी, खिडकीत रोपं केली, मग वाफा, रोज पाणी, गोगलगायी वेचून दूर टाकून येणं. ऑगस्टमध्ये पहिलं फूल आलं तेव्हा शर्वाणीने पुण्याला फोन करून जाहीर केलं होतं, ‘मामा, आई आता ग्रँड आहे. आई फुलं लावतेय!’ मामा पलीकडे रडला होता.

चौथ्या वेळी मात्र काही राहिलंच नव्हतं. आई वळणावर उभी राहिली, बराच वेळ. आणि म्हणाली, ‘अजून थोडा अंधार होऊ दे.’

‘आई, बास ना आता. काय कमी आहे, सांग.’

‘थोडा अंधार होऊ दे.’

‘साडेसहा वाजले!’

‘घड्याळ नको बघूस, उजेड बघ. यंदा दसरा उशिरा आलाय. गेल्या वर्षी सातलाही एवढा उजेड होता.’

शर्वाणी पुढचं बोलणार होती, पण तिला वळणावरची ती पिवळी आकृती दिसली. आई ट्रॅक्टरच्या दिव्यांकडे बघत नव्हती. ती एक पाय पुढे, एक मागे, हात पोटाशी धरल्यासारखे करून उभी होती. स्टिअरिंग धरावं तसे. आई व्हॅनच्या जागेवर उभी होती.

इतके दिवस शर्वाणीला वाटत होतं आई तिच्यासाठी येते. त्या संध्याकाळी तिला कुठेतरी, खोल, भीती वाटली. पण ती भीती नीट उघडून बघायचा तिला धीर झाला नाही. घरी जाताना ती गाडीत इतकी बडबडली की स्वतःचाच घसा बसला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, शनिवार होता. दुसऱ्या दिवशी बाबाचं वर्षश्राद्ध. आई म्हणाली, ‘आज शेवटचं बघू.’

बोळवाटेत गारठा होता, कुणीतरी शेकोटी पेटवल्याचा वास येत होता. शर्वाणीने सगळे दिवे लावले. आई वळणावर गेली आणि या वेळी लगेच तिचा आवाज आला.

‘दिसतोय! चांगला दिसतोय.’

‘पास?’

‘पास!’

शर्वाणीने सीटवर उभं राहून दोन्ही हात वर केले आणि अशी किंचाळली की झाडीतले कावळे उडाले. आई चालत आली. गाडीची डिकी उघडली. आतून एक मोठी पिशवी काढली.

पिशवीत हार होता. झेंडूचा, मनगटाएवढा जाड.

‘आता हा बांध,’ आई म्हणाली. ‘मागे. आणि तुझे दिवे बंद कर. सगळे. फक्त बाबाचा लाव.’

शर्वाणीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि घरामागचा सगळा उन्हाळा एकदम तिच्यासमोर उलटा झाला. ते पाणी. त्या गोगलगायी. मामाचं रडणं.

‘नाही.’

‘शर्वाणी.’

‘नाही आई, प्लीज. कशाला? त्याने काय होणार आहे? तो माणूस स्पीडमध्ये होता, क्रिस्टीला विचार, सगळ्यांना माहितीये—’

‘सगळे मला हेच सांगतात,’ आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘वर्षभर. प्रत्येकाने येऊन माझ्या हातावर काहीतरी मऊ ठेवलं. कुणी मला बघू दिलं नाही. तू बांधतेस की मी बांधू?’

‘मी बांधते,’ शर्वाणी म्हणाली. कारण तेवढ्यात तिच्या डोक्यात एक गोष्ट आली होती.

हार कसा होता ते तिला नक्की माहीत होतं. त्या दिवशीचा फोटो तिनेच काढला होता. दांडीवरून खाली आलेला तो भरगच्च झोल बरोबर दिव्यावर टेकला होता. आई वळणाकडे चालू लागली. शर्वाणीने हार उचलला. ओला, थंड, जड. तिने एक टोक डाव्या दांडीला बांधलं, दुसरं उजव्या दांडीला. आणि बांधताना टोक आखूड धरलं. फार नाही, चार बोटं. झोल वर ओढला गेला आणि त्याच्या खालून तो छोटासा लाल दिवा स्वच्छ दिसू लागला.

वळणावरून तो दिसणार होता. आई म्हणणार होती, दिसतोय. रात्री झोपणार होती. एवढंच तर हवं होतं.

‘झालं!’ शर्वाणी ओरडली.

आई उभी राहिली. क्षणभर. मग वळणावरून परत चालत आली, थेट ट्रॅक्टरपाशी. हाराकडे तिने नीट पाहिलंही नाही. उजवीकडची गाठ सोडली.

‘मी असा नव्हता बांधला.’

‘आई—’

‘माझ्या हाताने बांधला होता गं. मला नाही का माहीत?’ तिने टोक लांब सोडलं, दोरा दांडीभोवती दोनदा फिरवला, वर सुरगाठ मारली. हलक्या हातांनी, झोल सारखा केला, फुलं सरळ केली. एक कळी वळली होती तीही फिरवली. नवऱ्याच्या ट्रॅक्टरला हार घालणाऱ्या बाईसारखी. मग ओढणीसारखं ते पिवळं जाकीट अंगाभोवती ओढून घेऊन पुन्हा गेली.

शर्वाणीला आई दिसत होती. लांब वळणावर, त्या अंधारातही, जाकिटाच्या चमकत्या पट्ट्यांमुळे अगदी स्पष्ट. पण आई काही बोलत नव्हती.

‘आई? दिसतोय का?’

त्या पट्ट्या हलल्या. आई वळणावरून इकडे चालायला लागली. हळूहळू, थांबत, समोर बघत. मोठं अ‍ॅशचं झाड मागे पडलं. गोठ्याचं फाटक मागे पडलं. शर्वाणी मनातल्या मनात म्हणत होती, आता थांब, आता तरी दिसला असेल, थांब ना. आई चालत राहिली. तिच्या बुटांचा आवाज ऐकू यायला लागला. मग श्वासाचा. मग ती थांबली, इतकी जवळ की तिने हात लांब केला असता तर शर्वाणीने धरला असता.

‘इथून,’ आई म्हणाली. ‘इथून दिसतो.’

कुठेतरी लांब मुख्य रस्त्यावरून एक गाडी गेली.

‘तो स्पीडमध्ये होता, आई.’ शर्वाणीचा आवाज तिला स्वतःलाच लहान मुलीचा वाटला. गेल्या वर्षीचा.

‘असेल. त्याचं त्याने बघावं. मला माझं बघायचं होतं.’

आणि आई तिथेच, चिखलात, खाली बसली. वर्षभर ती रडली होती ती लोकांमध्ये, लोकांसारखी. आत्ताचं रडणं वेगळं होतं, त्याला आवाजच नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि जाकिटाच्या पट्ट्या बाबाच्या दिव्यात मधूनच चमकत होत्या. शर्वाणी शेजारी बसली. तिला खूप काही बोलता आलं असतं. ती वक्तृत्वाच्या स्पर्धेतही पहिली आली असती त्या वर्षी. पण आईच्या हातावर आणखी काही मऊ ठेवायचं नाही, एवढं तिला कळलं, म्हणून तिने नुसता तो हात धरला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, ‘मला म्हणाला होता, मागे बांध. मी विचारलं पण नाही गं, दिवा कुठेय.’

‘हो.’

‘छान दिसत होता मात्र.’

‘हो. खूप छान दिसत होता.’

हार आईनेच सोडला, दोरा न तोडता.

सकाळी शर्वाणी खाली आली तेव्हा फोटोला हार होता. फोटो छोटा आणि हार मोठा, त्यामुळे दोन वेढे घ्यावे लागले होते आणि चौकट जवळजवळ बुडाली होती, तेवढा बाबाचा हसरा चेहरा वर. एका फुलावर ग्रीसचा काळा डाग होता. उपेंद्रकाका पाटावर बसून फोनवरून पुण्याच्या गुरुजींचे मंत्र म्हणत होते आणि मध्येच ‘एक मिनिट गुरुजी, रेंज गेली’ म्हणत होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि या वेळी काहीच समजावलं नाही.

जेवणं झाल्यावर आईने गाडीची किल्ली घेतली. ‘दिवसाउजेडी ने. मी मागून येते.’

क्रिस्टी शेडच्या दारात उभा होता. ‘ब्रेक?’

‘जोडले.’

तिने बेल्ट लावला, आरसे सारखे केले, सगळे दिवे लावले. फिरता दिवा डोक्यावर फिरू लागला. ‘हात लावू नकोस शर्वाणी’ लिहिलेल्या दांड्याला तिने हात लावला नाही. ‘हळू’ लिहिलेला पुढे केला, आणि बोळवाटेतून रस्त्यावर आली.

मागे आईची गाडी, चारी इंडिकेटर लुकलुकत. तिच्या मागे हळूहळू आणखी गाड्या जमल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. शर्वाणीला वाटलं होतं आपण ओरडू, गाऊ, एक हात सोडून झाडीला टाटा करू. पण ती सरळ समोर बघत बसली होती आणि दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं.

ते वळण आलं, गेलं. त्या जागेवर गवत इतर गवतासारखंच होतं. तिने आरशात पाहिलं. आईची गाडी थांबली होती. गवतावर चढवून, बाजूला. बाकीच्या गाड्या तिला ओलांडून सावकाश ट्रॅक्टरमागे येत होत्या. आई उतरली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून इकडे बघत होती. शर्वाणीचा पाय ब्रेककडे गेला. मग तिने तो परत घेतला आणि ट्रॅक्टर चालू ठेवला. आरशातली आई लहान होत होत गेली.

शेताच्या फाटकापाशी ती वळली, आत जाऊन थांबली, इंजिन बंद केलं. वरचा दिवा मात्र चालूच ठेवला. बोगद्याचं प्लॅस्टिक फाटून वाऱ्यावर फडफडत होतं. गेल्या वर्षीचे झेंडूचे काळे देठ आत तसेच उभे होते.

बऱ्याच वेळाने आईची गाडी आली. आई उतरली. डोळे लाल होते. ती फाटक धरून उभी राहिली आणि तो केशरी दिवा फिरताना बघत राहिली.

‘दिसत होतीस,’ आई म्हणाली. ‘थेट इथपर्यंत दिसत होतीस.’

मग तिने गाडीतून लसणाची पिशवी काढली.